हिरव्या रेषेची गोष्ट

परवा आत्या घरी आली होती. बाहेरच्या खोलीत मी मृगातल्या तेजोमेघाचा एक मोठा फोटो लावला आहे. तो तिने चष्मा वर-खाली करत बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हा तूच काढलास?" म्हटलं, "हो, आपल्याच गच्चीवरून." मग पुढचा प्रश्न आला. तो प्रत्येक पाहुण्याकडून येतो.

"आणि हे रंग खरे आहेत का रे?"

यावर माझं एक ठरलेलं उत्तर आहे, "हो आणि नाही." ते देऊन मी चहा टाकायला आत सटकलो. पण आत्याने जन्मभर शाळेत गणित शिकवलंय, असल्या उत्तरांना ती मार्क देत नाही. चहा पिताना पुन्हा विचारलंन, "हो म्हणजे किती आणि नाही म्हणजे किती?" तर आत्या, हे घे सविस्तर उत्तर. थोडं लांबलंय, कारण ते १८६४ सालापासून सुरू होतं आणि मध्ये पुण्यावरून जातं.

आधी फोटो कसा काढतात ते सांगतो. पुण्याच्या आकाशात आता डोळ्यांना आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही. साध्या कॅमेऱ्याने मोठं एक्स्पोजर दिलं की मिनिटाभरात सगळी चौकट रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडाने धुवून निघते. त्यावरचा उपाय म्हणजे नॅरोबँड फिल्टर. काचेवर अतिशय पातळ थर एकावर एक चढवून हा बनवतात. आपल्याला दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या दरम्यान असतो. माझे फिल्टर त्यातली फक्त ७ नॅनोमीटरची फट उघडी ठेवतात, बाकी सगळं अडवतात. दिव्यांचा उजेड सगळ्या रंगांत सांडलेला असतो, त्यामुळे त्याचा फारच थोडा भाग या फटीतून येतो. तेजोमेघाचा प्रकाश मात्र मोजक्याच तरंगलांबींवर एकवटलेला असतो. फट नेमकी त्या जागी असली की तो जवळजवळ सगळा आत येतो.

अशा तीन फटी मी वापरतो. हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरला, गंधकाची ६७२ च्या आसपास आणि ऑक्सिजनची ५००.७ ला. प्रत्येक फिल्टर लावून पाच-पाच मिनिटांचे पुष्कळ फोटो घ्यायचे, मग संगणकावर ते एकावर एक रचायचे. मृगाचा मधला भाग फार तेजस्वी आहे, त्याच्यासाठी दहा-दहा सेकंदांचे वेगळे. चंद्र असला तरी हायड्रोजनचं काम चालतं. ऑक्सिजनला मात्र बिनचंद्राची रात्र लागते, कारण चांदण्याचा त्रास त्या भागात जास्त. थंडीत कानटोपी घालून गच्चीवर बसण्याच्या ज्या रात्रींवरून घरी बोलणी बसतात, त्यातल्या बऱ्याच या ऑक्सिजनच्या असतात!

कॅमेरा कृष्णधवल असतो. म्हणजे हातात येतात तीन काळे-पांढरे फोटो, आणि त्यांना रंग मी देतो. गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा. हीच पद्धत हबल दुर्बिणीच्या १९९५ सालच्या त्या प्रसिद्ध फोटोत, गरुड तेजोमेघातल्या धुळीच्या खांबांच्या फोटोत, वापरली होती. तेव्हापासून हौशी मंडळींत ती रूढ झाली. खरं पाहता हायड्रोजन आणि गंधक दोघेही गडद लाल. दोघांना लालच ठेवलं तर कोण कुठे आहे ते कळणार नाही, म्हणून एकाला हिरवा अंगरखा. भूगोलाच्या नकाशात एखादा जिल्हा गुलाबी असतो म्हणून तिथली माती गुलाबी नसते, तसंच हे. हा झाला "नाही"चा भाग.

आता "हो"चा भाग. त्यासाठी ती ५००.७ ची रेषा.

२९ ऑगस्ट १८६४. लंडनजवळच्या टल्स हिल इथे विल्यम हगिन्स नावाचे एक गृहस्थ आपल्या घरच्या वेधशाळेत बसले होते. घरचा कापडाचा धंदा विकून त्यांनी उरलेलं आयुष्य या छंदाला दिलं होतं. विद्यापीठाची पदवी नाही, पगार नाही. आजच्या भाषेत हौशी माणूस. त्यांनी दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडला होता आणि त्या रात्री ती कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाकडे वळवली. तेजोमेघ म्हणजे नक्की काय, हा तेव्हा मोठा वाद होता. काहींच्या मते ते दूरचे ताऱ्यांचे पुंजके होते आणि दुर्बीण पुरेशी मोठी झाली की तारे सुटे दिसतील.

तारे असतील तर लाल ते जांभळा असा सलग पट्टा दिसायला हवा. हगिन्स यांना दिसली एकच हिरवी रेषा. आधी त्यांना वाटलं की लोलकच जागचा हलला असावा. पुन्हा पाहिलं, तेव्हा शेजारी आणखी दोन फिकट रेषा दिसल्या. एवढ्यावर वाद मिटला. असा तुटक वर्णपट फक्त विरळ, तापलेल्या वायूचा असतो. म्हणजे हा तेजोमेघ ताऱ्यांचा पुंजका नव्हता, खरोखरच वायूचा ढग होता.

पण वायू कोणता? एक रेषा हायड्रोजनची निघाली. सगळ्यात ठळक हिरवी रेषा मात्र प्रयोगशाळेतल्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. पुढे त्या अज्ञात द्रव्याला नावही मिळालं, नेब्युलियम. यात वेडेपणा काही नव्हता. १८६८ मध्ये सूर्याच्या वर्णपटात अशीच एक अनोळखी पिवळी रेषा सापडली होती. नॉर्मन लॉकियर यांनी ती नव्या मूलद्रव्याची ठरवली, ते हेलियम. आणि १८९५ मध्ये हेलियम पृथ्वीवर खरंच सापडला. मग नेब्युलियम का सापडू नये?

(जाता जाता: विजयदुर्गावर "साहेबाचे ओटे" दाखवतात आणि लॉकियर यांनी १८६८ मध्ये तिथून हेलियम शोधला असं सांगतात. त्यांनी ती रेषा पाहिली ती इंग्लंडमधून, ग्रहण नसताना. ते विजयदुर्गला आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. किल्ला पाहायला जाल तेव्हा वाद घालू नका, पण लक्षात ठेवा.)

लॉकियर म्हणजे त्या काळचं बडं प्रस्थ. "नेचर" हे साप्ताहिक त्यांनीच १८६९ मध्ये सुरू केलं. त्यांचा सिद्धांत असा होता की विश्वातल्या बहुतेक गोष्टी उल्कांच्या झुंडींतून बनतात आणि तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आपटणाऱ्या उल्का. उल्कांमध्ये मॅग्नेशियम असतं. तापलेल्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या वर्णपटात त्या हिरव्या रेषेच्या अगदी जवळ एक पट्टा येतो. लॉकियर म्हणाले, ही रेषा म्हणजे त्या पट्ट्याचाच उरलेला अवशेष. हगिन्स यांना हे मान्य नव्हतं, आणि दोघांत चांगलीच जुंपली.

इथे गोष्ट पुण्याला येते.

आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो ते तेव्हाचं कॉलेज ऑफ सायन्स. तिथे कावसजी दादाभाई नायगमवाला नावाचे पारशी प्राध्यापक होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीत मुंबई सरकारने भर घातली आणि १८८८ मध्ये पुण्यात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिथली ग्रब कंपनीची २० इंची परावर्ती दुर्बीण त्या वेळी भारतातली सगळ्यात मोठी होती.

नायगमवालांनी ती मृगातल्या तेजोमेघावर लावली. प्रश्न साधा होता. लॉकियर म्हणतात तसा तो पट्ट्याचा अवशेष असेल, तर त्याची एक कड धारदार हवी आणि दुसरी हळूहळू विरत जायला हवी. निव्वळ रेषा असेल तर दोन्ही कडा सारख्याच रेखीव असतील. नायगमवालांना प्रत्येक परिस्थितीत रेषा रेखीवच दिसली. १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात त्यांनी तसं छापलं. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेत जेम्स कीलर यांनी त्याच सुमारास रेषेची जागा अचूक मोजली. तीही मॅग्नेशियमशी जुळली नाही.

मला या प्रसंगाचं फार अप्रूप वाटतं. वसाहतीतल्या एका कॉलेजातला प्राध्यापक, नवी वेधशाळा, आणि समोर "नेचर"चा संपादक. गप्प बसणं सोपं होतं. "निश्चित सांगता येत नाही" असं लिहिणं त्याहून सोपं. या माणसाने जे दिसलं ते लिहिलं.

पुढे १८९८ च्या त्या ग्रहणाला लॉकियर विजयदुर्गला होते, तेव्हा नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला आपली उपकरणं मांडून बसले होते. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले. आणि वेधशाळा? ती त्यांच्याबरोबरच संपली. बंद करून सगळी उपकरणं कोडाईकनालला पाठवून दिली. एका माणसाच्या जिवावर उभी राहिलेली संस्था त्या माणसाबरोबर गेली. पुण्यात १९४४ मध्ये हौशी लोकांनी ज्योतिर्विद्या परिसंस्था सुरू केली आणि १९८८ मध्ये आयुका आली, तख्तसिंहजी वेधशाळेनंतर बरोबर १०० वर्षांनी. मी स्वतः कित्येक वर्षं सीओईपीच्या फाटकासमोरून बसने रोज गेलो आहे. इथून कुणी कधी मृगाचा वर्णपट पाहिला होता, याचा मला पत्ताच नव्हता.

मग ती रेषा होती तरी कशाची? उत्तर मिळालं १९२७ मध्ये. अमेरिकेतल्या आयरा बोवेन यांनी दाखवलं की नेब्युलियम असं काही नाहीच. ती रेषा ऑक्सिजनची. आपण श्वासात घेतो तोच ऑक्सिजन, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. असा अणू विशिष्ट अवस्थेत गेला की हिरवा प्रकाश सोडायला त्याला सरासरी अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ लागतो. अणूच्या हिशेबात हे म्हणजे युगच. आपल्या हवेत त्याला एवढा निवांतपणा मिळत नाही, दुसरा कण लगेच येऊन धडकतो आणि त्याची ऊर्जा काढून घेतो. प्रयोगशाळेतली त्या काळची निर्वात नळीसुद्धा त्याच्या दृष्टीने दादरचं स्टेशनच. मृगातल्या तेजोमेघात एका घन सेंटिमीटरमध्ये जेमतेम काही हजार कण असतात. तिथे तो निवांत चमकू शकतो. म्हणून ही रेषा पृथ्वीवर कुणाला सापडत नव्हती. ६३ वर्षं लोक नवं मूलद्रव्य शोधत होते, आणि ते नाकातून आत-बाहेर करत होतं!

तर आत्या, माझ्या ऑक्सिजनच्या फिल्टरची फट ५००.७ वरच का, याचं उत्तर हे. तो आकडा हगिन्स, कीलर, नायगमवाला, बोवेन यांच्याकडून माझ्यापर्यंत आला आहे. आणि ही रेषा आजही म्हातारी झालेली नाही. जानेवारी २०२३ मध्ये एक बातमी आली. मार्सेल ड्रेक्सलर, झेव्हियर स्ट्रॉटनर आणि यान सँती या हौशी मंडळींनी देवयानी दीर्घिकेशेजारी एक प्रचंड कमान शोधली होती, आकाशात चंद्राची जवळजवळ तीन बिंबं मावतील एवढी लांब. दुर्बीण होती १०६ मिलिमीटरची, म्हणजे चार इंचांहून जराशी मोठी. एकूण एक्स्पोजर १०० तासांहून जास्त. जगातल्या सगळ्या मोठ्या दुर्बिणींनी ज्या दीर्घिकेचे असंख्य फोटो काढले, तिच्या शेजारची ही कमान कुणाला दिसली नव्हती. कारण इतक्या चिकाटीने त्या भागात ऑक्सिजनचा फिल्टर लावून कुणी बसलंच नव्हतं.

फोटोतला निळा रंग मी दिलेला आहे, तो खोटा म्हण. पण तो जिथे जिथे आहे, तिथे तिथे खरोखरच दोन इलेक्ट्रॉन हरवलेला ऑक्सिजन आहे. तिथला प्रकाश निघाला तेव्हा दख्खनवर बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. जिथे निळा नाही, तिथे मी तो भरलेला नाही. कधीकधी मोह होतो, खोटं कशाला सांगू. संगणकावर एक बटण ओढलं की कोपऱ्यातलं धुकं जरा जास्त देखणं दिसतं. अशा वेळी मला नायगमवाला आठवतात, आणि मी ते बटण सोडून देतो.

असो. पुढच्या खेपेला डिसेंबरात ये. फोटो राहू दे बाजूला, दुर्बिणीतूनच दाखवतो. मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाच्या खाली एक अंधुक ठिपका आहे, त्यावर दुर्बीण लावली की राखाडी, किंचित हिरवट असं धुकं दिसतं. ती हिरवट झाक बहुतांशी त्या रेषेचीच. तिला रंग मी दिलेला नाही.

आणि हो, येताना शाल आण. गच्चीवर गारठा असतो.