नोंद एकदा, याद्या अनेक

पंप, नट-बोल्ट, विजेची बटणं बनवणाऱ्या कंपन्यांचे कॅटलॉग तयार करणारं सॉफ्टवेअर, हे माझं रोजचं काम. वस्तूची नोंद डेटाबेसमध्ये एकदाच करायची. त्याच नोंदीतून छापील कॅटलॉगची पानं जुळतात आणि तीच वेबसाइटवरही दिसते. नोकरी लागली तेव्हा वाटायचं, ही युक्ती संगणकाच्या काळातली आहे. मग एका ग्रंथालयात शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' उघडली.

पहिला खंड १९४४चा. १८०० ते १९३७ या काळातली मराठी पुस्तकं त्यात विषयवार लावलेली आहेत, ड्यूईच्या दशांश पद्धतीवर. प्रत्येक पुस्तकाची नोंद सूचीत एकदाच. लेखकाच्या किंवा पुस्तकाच्या नावावरून शोधायचं असेल, तर त्यासाठी वेगळ्या सूची. आम्ही याला टेबल आणि इंडेक्स म्हणतो. दात्यांकडे होते कागद आणि चिकाटी.

पण अशी सूची करायची वेळ का आली? १८६७च्या कायद्यामुळे छापलेल्या पुस्तकांची सरकारी नोंद होऊ लागली खरी, पण त्या तिमाही याद्या प्रांतवार निघत. आमचा भंडारा मध्य प्रांतात. नागपूरला छापलेलं मराठी पुस्तक मध्य प्रांताच्या यादीत जाई आणि पुण्याचं मुंबई इलाख्याच्या. हैदराबाद, बडोदा, ग्वाल्हेर ही संस्थानं, तर गोवा पोर्तुगीजांकडे. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण तर १८०५ साली छापलं गेलं बंगालात, सेरामपूरला. १८९२ साली ब्लूमहार्टनं मराठी आणि गुजराती पुस्तकांची सूची केली, पण ती ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहापुरती. सगळ्या याद्या राज्यकर्त्यांच्या किंवा संग्रहांच्या होत्या. दात्यांनी भाषा हा निकष धरला. भंडारा आणि पुणे एका राज्यात आले १९५६ साली. दात्यांच्या सूचीत ते त्याच्या बारा वर्षं आधीच एकत्र होते.

या कामाचा जाच कळायला सूची करूनच पाहावी लागते. एकच लेखक एका पुस्तकावर आडनावानं येतो, दुसऱ्यावर टोपणनावानं. ही माणसं दोन की एक? दुसरी आवृत्ती हे नवं पुस्तक की जुनंच? हे प्रश्न यंत्र सोडवत नाही, कुणीतरी बसून ठरवावे लागतात. शिवाय खिळे जुळवून छापण्याच्या त्या काळात, पानं छापून झाल्यावर एखादं पुस्तक सापडलं तर ते मधे घुसवता येत नसे. पुरवणीत टाकायचं, नाहीतर पुढच्या खंडाची वाट पाहायची. दात्यांचा पुढचा खंड, १९३८ ते १९५०चा, निघाला १९६१ साली.

ही अडचण सुटायला तेव्हा फार वर्षं उरली नव्हती. १९६४ साली अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं वैद्यकीय लेखांच्या नोंदी संगणकाच्या चुंबकीय फितीवर ठेवल्या आणि 'ग्रेस' नावाच्या यंत्रानं त्यातून थेट 'इंडेक्स मेडिकस' या मासिक सूचीची पानं उतरवली. १९७१पासून 'मेडलाइन'मुळे अशाच नोंदी दूरवर बसून टर्मिनलवर शोधता येऊ लागल्या. छापील सूची आणि पडद्यावरचा शोध, दोन्ही एकाच साठ्यातून. दाते १९६४च्या डिसेंबरातच वारले.

आज माझ्या लॅपटॉपवर हजार पानांचा कॅटलॉग काही मिनिटांत जुळतो. पण जी नोंदच झाली नाही, ती कुठल्याही यादीत उतरत नाही. आमच्याकडे झाडीबोलीत कवितेची, नाटकांची पुस्तकं निघतात. गावातल्याच प्रेसवर थोड्या प्रती छापल्या जातात, कार्यक्रमात वाटल्या जातात आणि संपतात. कित्येकांवर आयएसबीएन नसतो. अशी सात पुस्तकं आमच्या घरात आहेत. ऑनलाइन शोधली तर एकही सापडलं नाही.

गेल्या दिवाळीत भंडाऱ्याला आलो, तेव्हा त्यांचं टेबल केलं: नाव, लेखक, मुद्रक, पानं, किंमत, साल. दोन पुस्तकांवर सालच नाही. एकाचे लेखक पलीकडच्या गल्लीत राहतात. विचारायला गेलो. त्यांनाही नक्की आठवेना. मग आतून हाक आली, "थोरलीच्या लग्नाच्या वर्षी छापलं जी ते." लग्नपत्रिका शोधून काढली. साल भरलं.