नसलेल्या रेझिस्टरची कुळकथा

सर्किट कागदावर बरोबर, जोडण्या बरोबर, आणि सिम्युलेशन चालवले की पडद्यावर येते : ‘नो कन्व्हर्जन्स’. मग कोणी जाणता येतो, ‘जीमिन वाढव’ म्हणतो आणि चहाला निघून जातो. वाढवले की खरेच चालते. हा जीमिन कोण, कुठला, हे विचारायला कोणाला सवड असते?

जीमिन म्हणजे प्रत्यक्षात नसलेला रेझिस्टर. प्रत्येक डायोडला आणि ट्रान्झिस्टरच्या प्रत्येक जंक्शनला प्रोग्राम तो आपल्याला न विचारता समांतर जोडतो. किंमत 1 लाख कोटी ओहम. जीमिन हा आकडा मात्र या ओहमच्या व्यस्तात मोजतात, म्हणून जीमिन वाढवणे म्हणजे हा रेझिस्टर लहान करणे.

घराणे बर्कलीचे. 1969-70 मध्ये तिथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रोनाल्ड रोहरर यांनी नेहमीचे शिकवणे सोडून विद्यार्थ्यांना सिम्युलेटरच लिहायला बसवले. तिथलेच प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन यांना तो पसंत पडला तर सगळे पास, अशी अट. त्यातून निघालेल्या प्रोग्रामचे नाव ‘कॅन्सर’. ही आद्याक्षरे; पूर्ण लांबलचक नावाच्या शेपटाला ‘किरणोत्सर्ग वगळून’ असे होते. त्या काळी अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर लिहिलेल्या सिम्युलेटरांना किरणोत्सर्गात सर्किट टिकेल का, हेही सांगावे लागे. या मंडळींनी ते काम नावातच झिडकारले. पुढे त्याच वर्गातल्या लॉरेन्स नेगल यांच्या हातून ‘स्पाइस’ घडला आणि एप्रिल 1973 मध्ये पेडरसन यांनी तो कॅनडातल्या वॉटर्लू इथे मांडला. विद्यापीठाने तो जवळजवळ फुकट वाटला, म्हणून तो घरोघरी पोचला.

या प्रोग्रामचे गणित मात्र खूप जुने, न्यूटन (1669) आणि रॅफसन (1690) यांचे. आधी एक अंदाज धरायचा, तिथे वक्राला स्पर्शरेषा काढायची, ती जिथे शून्याला भेटेल तो पुढचा अंदाज. साध्या वक्रावर हे झपाट्याने जुळते. डायोडचा वक्र साधा नाही. सुलट दिशेला दर 60 मिलिव्होल्टला प्रवाह दहापट होतो. अंदाज चुकून 20 व्होल्टवर गेला, तर येणारा आकडा संगणकात मावत नाही. त्यासाठी एका उडीत किती पुढे जायचे यावर लगाम घालतात. उलट दिशेला वक्र ताटासारखा सपाट. तिथली स्पर्शरेषा शून्याला भेटते ती पार पलीकडच्या गावी, आणि एखाद्या नोडभोवती सगळेच डायोड बंद असतील तर शून्याने भागायची पाळी येते. जीमिन त्या सपाटीला किंचित उतार देतो. तरीही अंदाजांच्या शंभर फेऱ्यांत उत्तर जुळले नाही, तर स्पाइस हात टेकतो.

या उताराची किंमत मोजावी लागते. डायोडवर उलट 5 व्होल्ट असतील तर नसलेल्या रेझिस्टरमधून 5 पिकोअँपिअर वाहतात. नेहमीच्या सर्किटात ते कोणाच्या खिजगणतीत नसतात. पण जिथे पिकोअँपिअरच मोजायचे आहेत, तिथे ही थाप उत्तराएवढीच मोठी होते. जीमिन हजारपट वाढवला की ती 5 नॅनोअँपिअरची होते. तेव्हा चहाला निघालेल्या त्या जाणत्याचा सल्ला मला धोक्याचा वाटतो.

खरा तोडगा पुढच्या पिढीत, ‘स्पाइस-3’मध्ये आला. जीमिन आधी भरपूर मोठा घ्यायचा, म्हणजे उत्तर सहज जुळते. ते उत्तर पुढचा अंदाज म्हणून धरून जीमिन दहापटीने कमी करत मूळ किमतीवर आणायचा. तेही फसले तर सर्किटचा वीजपुरवठा शून्यावरून हळूहळू चढवायचा, कारण सगळे बंद असताना उत्तर ठाऊकच असते. दोन्हींत शेवटचे उत्तर मूळ सर्किटचेच असते, म्हणून मला हे उपाय प्रामाणिक वाटतात.

पण बऱ्याचदा दोष गणिताचा नसतोच. ग्राउंड जोडायचे राहिलेले असते. दोन कपॅसिटरांच्या मध्ये लटकलेल्या नोडला डीसी वाटच नसते. किंवा घोटाळा ‘एम’चा असतो. बर्कलीत सर्किट पंचकार्डांवर लिहून देत, आणि तिथे सगळी अक्षरे मोठीच. त्यामुळे स्पाइसमध्ये ‘एम’ म्हणजे मिलि, मेगासाठी ‘मेग’ लिहावे लागते. आजही 1 पुढे नुसता मोठा ‘एम’ लिहिला, तर दहा लाख ओहमऐवजी एक हजारांश ओहम बसतो. जीमिनला हात लावण्याआधी एवढे पाहून घ्या.