होम्सची बहीण : अभिजात हेरकथा आणि कुमार-कादंबरीतील तिची पुनर्रचना

१

आर्थर कॉनन डॉइल यांच्या ‘द कॉपर बीचेस’ (१८९२) या कथेत व्हायोलेट हंटर ही तरुणी सल्ल्यासाठी शेरलॉक होम्सकडे येते. गव्हर्नेसच्या कामासाठी तिला अवाजवी वेतन देऊ करण्यात आले आहे. मात्र तिने आपले केस कापून टाकावेत, अशी विचित्र अट आहे. आपल्या बहिणीने असल्या जागेसाठी अर्ज करावा हे आपल्याला रुचले नसते, असे होम्स तिला सांगतो. होम्सला बहीण असल्याचे डॉइल कोठेही सांगत नाहीत. ती बोलण्याच्या ओघात आलेली, क्रियापदाच्या संकेतार्थापुरतीच अस्तित्वात असलेली स्त्री आहे. १८८७ ते १९२७ या चाळीस वर्षांत प्रसिद्ध झालेल्या चार कादंबऱ्या व छप्पन्न कथा यांत होम्सच्या कुटुंबाविषयी फार थोडे येते. ‘द ग्रीक इंटरप्रिटर’ (१८९३) या कथेत मायक्रॉफ्ट हा वडील बंधू अवतरतो, आजीकडून व्हेर्ने या फ्रेंच चित्रकाराशी असलेले नाते कळते. आई-वडिलांविषयी मात्र जवळजवळ मौनच आहे.

अभिजात संहितेची पुनर्रचना बहुधा अशा मौनाच्या जागी सुरू होते. नॅन्सी स्प्रिंगर या अमेरिकन लेखिकेने ‘द केस ऑफ द मिसिंग मार्क्वेस’ (२००६) या कुमार-कादंबरीत होम्सला एनोला नावाची चौदा वर्षांची बहीण दिली आणि संकेतार्थातील त्या स्त्रीला देह, नाव व वाणी लाभली. कुमारवाचकांसाठी अभिजात हेरकथेची नव्याने मांडणी करणाऱ्या कादंबऱ्यांचा एक प्रवाहच इंग्रजीत गेल्या काही दशकांत निर्माण झालेला आहे. या प्रवाहात नेमकी कशाची पुनर्रचना होते, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे. नायकाचे वय कमी करणे ही तिची बाह्य खूण होय. तिचा गाभा, ज्ञान कोणाच्या मालकीचे आणि ते सांगण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नात आहे.

२

अभिजात हेरकथेत मूल अनुपस्थित नव्हते. ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ (१८८७) आणि ‘द साइन ऑफ फोर’ (१८९०) यांत विगिन्स व त्याची रस्त्यावरची पोरे होम्ससाठी लंडनभर हिंडून माहिती आणतात. त्यांचा मोबदला ठरलेला आहे : दिवसाला एक शिलिंग आणि हवी ती वस्तू शोधणाऱ्याला एक गिनी. ही मुले पाहतात. अर्थ मात्र होम्स लावतो आणि कथन डॉ. वॉटसन करतो. एडगर ॲलन पो यांनी १८४१ मध्ये द्यूपाँ आणि त्याचा अनाम मित्र यांच्या जोडीतून घालून दिलेली अन्वेषक व निवेदक ही व्यवस्था डॉइल यांनी स्थिर केली. तिच्यात मुलाला जागा मिळाली ती मजुराची.

एरिख केस्टनर यांच्या ‘एमिल अँड द डिटेक्टिव्हज’ (१९२९) या जर्मन कादंबरीने आणि १९३० पासून अमेरिकेत निघू लागलेल्या नॅन्सी ड्रू मालिकेने मुलांना अन्वेषक केले. तथापि ही मुले डॉइल यांच्या जगाशी संवाद करीत नाहीत. त्या जगाच्या शेजारी त्यांनी आपले स्वतंत्र जग उभारलेले आहे.

असा संवाद जाणीवपूर्वक आरंभणाऱ्यांत सत्यजित राय यांचे स्थान महत्त्वाचे आहे. ‘संदेश’ या बंगाली मुलांच्या मासिकात १९६५ मध्ये फेलूदाची पहिली कथा आली. तिचा निवेदक तोपशे हा फेलूदाचा किशोरवयीन चुलतभाऊ आहे. वॉटसनच्या जागी मूल आल्याने अन्वेषक व निवेदक यांच्या नात्याला गुरुशिष्यत्वाचे रूप आले आणि वाचकाचे वय कथनाच्या आतच नोंदले गेले. होम्सचे ऋण फेलूदा लपवीत नाही. ‘लंडने फेलूदा’ (१९८९) या कथेत तो बेकर स्ट्रीटवर जाऊन त्याला गुरू म्हणून अभिवादन करतो. अशोक जैन यांच्या अनुवादांमुळे हा अन्वेषक मराठी वाचकांच्याही परिचयाचा झाला. पण रायांच्या या जगात स्त्रिया जवळजवळ नाहीत. मूल निवेदक झाले, परंतु ज्ञान थोरल्या भावाकडेच राहिले. रायांनी केलेले पुनर्लेखन हे आदराचे पुनर्लेखन आहे. व्यवस्थेशी त्याचे भांडण नाही.

३

स्प्रिंगर यांच्या कादंबरीत भांडण पहिल्या प्रकरणापासून आहे. १८८८ च्या जुलैत, एनोलाच्या चौदाव्या वाढदिवशी, तिची आई नाहीशी होते. वडील पूर्वीच वारलेले असल्याने मालमत्ता थोरल्या मुलाकडे, म्हणजे मायक्रॉफ्टकडे, गेलेली आहे. घरखर्चाचे खोटे हिशेब पाठवून आईने वर्षानुवर्षे पैसे बाजूला काढले, हे आता उघड होते. मायक्रॉफ्ट एनोलाला निवासी शाळेत पाठवू पाहतो आणि ती लंडनला पळून जाते.

येथे गुन्हा या कल्पनेचाच तोल बदललेला आहे. कायद्याच्या दृष्टीने आईने फसवणूक केली आहे. मुलीच्या दृष्टीने, विधवेला स्वतःच्या घरातही मालकी नाकारणारी व्यवस्था हीच मूळ गैरव्यवस्था आहे. डॉइल यांच्या कथेत खोटे हिशेब हा उकलीचा शेवट ठरला असता. स्प्रिंगर यांच्या कादंबरीत तेथून उकलीला प्रारंभ होतो.

दुसरा बदल ज्ञानाच्या स्वरूपात आहे. आई व मुलगी यांच्यातील संदेश फुलांच्या सांकेतिक अर्थांतून आणि गूढलिपींतून जातात. पोशाखही येथे साधन बनतो. कॉर्सेटमध्ये एनोला पैसे व खंजीर दडवते. स्त्रीदेहाला जखडणारे वस्त्र तिची तिजोरी आणि चिलखत होते. तंबाखूच्या राखेचे प्रकार ओळखणाऱ्या शेरलॉकला हे जग वाचता येत नाही, कारण ते वाचण्याजोगे आहे असे त्याला कधी वाटलेलेच नाही. त्याची पद्धती सदोष नाही. तिचे क्षेत्र अपुरे आहे. विशेष असे, की एनोला त्याचीच निरीक्षणपद्धती वापरून त्याला चकवते. पुढे ती डॉ. रॅगोस्टिन या कल्पित पुरुषाच्या नावाने कार्यालय उघडते आणि स्वतः त्याची सेक्रेटरी म्हणून वावरते. ज्ञान तिचे, नाव पुरुषाचे, ही विडंबना वॉटसन-होम्स या जुन्या रचनेलाही आतून भेदते.

४

या कादंबरीच्या चित्रपट-रूपांतराच्या निमित्ताने २०२० मध्ये अमेरिकेत जो खटला उभा राहिला, तो समीक्षेच्या दृष्टीनेही उद्बोधक आहे. डॉइल यांच्या वारसांच्या कंपनीने लेखिका, प्रकाशक, चित्रपटनिर्माते इत्यादींविरुद्ध दावा केला. १९२३ ते १९२७ या काळातील होम्सकथांपैकी काहींचे हक्क अमेरिकेत तेव्हा शाबूत होते. आधीचा होम्स थंड व अलिप्त आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास डॉइल यांनी पुत्र व बंधू गमावल्यानंतर लिहिलेल्या कथांतच तो सहृदय होतो. म्हणून सहृदय होम्स ही आपली मालमत्ता, असा वादीचा युक्तिवाद होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात उभयपक्षी संमतीने दावा निकाली निघाला. १ जानेवारी २०२३ रोजी शेवटच्या कथांचे अमेरिकेतील हक्कही संपले.

त्यापूर्वी २०१४ मध्ये लेस्ली क्लिंगर यांच्या खटल्यात याच कंपनीने ‘सपाट’ व ‘गोलाकार’ पात्रांचा भेद पुढे केला होता : होम्स हे गोलाकार पात्र असून अखेरच्या कथेपर्यंत ते पूर्ण होत नाही, म्हणून संपूर्ण पात्रावर हक्क राहावा. न्यायालयाने तो युक्तिवाद फेटाळला. ई. एम. फॉर्स्टर यांनी हा भेद रूढ केला तो ‘अ‍ॅस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल’ या पुस्तकात. ते १९२७ चे, म्हणजे शेवटच्या होम्सकथेच्याच वर्षाचे. कादंबरी-समीक्षेची परिभाषा अशा रीतीने मालमत्तेच्या दाव्यात साधन म्हणून वापरली गेली.

वाङ्मयीन पातळीवरही हा युक्तिवाद टिकणारा नाही. ‘द यलो फेस’ (१८९३) मध्ये होम्सचा तर्क साफ चुकतो आणि पुढे आपला आत्मविश्वास अति झाला तर या प्रकरणाची आठवण द्यावी, असे तो नम्रपणे वॉटसनला सांगतो. ‘द थ्री गॅरिडेब्ज’ (१९२४) मध्ये वॉटसनला गोळी लागल्यावर होम्सची व्याकुळता उघडी पडते हे खरे. पण तिची बीजे तीस वर्षे आधीची आहेत. वादीच्या मांडणीत भावना ही लेखकाच्या चरित्रातून पात्रात उतरलेली ठेव आहे. स्प्रिंगर यांच्या मांडणीत ती नात्यातून, बहिणीला ओळखण्याच्या प्रक्रियेतून, घडत जाते. कुमार-कादंबरीने मालकीचा जो प्रश्न घराच्या संदर्भात विचारला होता, तोच अशा प्रकारे पात्राच्या संदर्भात न्यायालयात उभा राहिला, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

५

रॉबिन स्टीव्हन्स यांची ‘मर्डर मोस्ट अनलेडीलाइक’ (२०१४) ही कादंबरी हाच प्रश्न वंशाच्या संदर्भात विचारते. काळ १९३४, स्थळ डीपडीन ही इंग्लंडमधील मुलींची निवासी शाळा. डेझी वेल्स ही उच्चकुलीन इंग्रज मुलगी स्वतःला होम्स समजते. हाँगकाँगहून आलेली हेझेल वाँग तिची वॉटसन असून हकिगत तीच लिहिते. या निवडीमागचा इतिहास ध्यानात घ्यावयास हवा. रोनल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये हेरकथेचे जे दहा नियम सांगितले, त्यांपैकी एकानुसार कथेत चिनी मनुष्य असता कामा नये. तत्कालीन थरारकथांतील साचेबंद पौर्वात्य खलनायकांवर तो टोला होता, हे मान्य केले पाहिजे. तरीही त्याचा परिणाम बहिष्काराचाच होतो : साचा मोडण्याऐवजी माणूसच वगळला जातो. स्टीव्हन्स यांनी त्या वगळलेल्या माणसाच्या हाती लेखणी दिली. डेझीच्या बुद्धीविषयीचा आदर आणि तिच्या वर्चस्वाविषयीचा सल हेझेल एकाच वहीत नोंदवते. ‘अ स्पूनफुल ऑफ मर्डर’ (२०१८) मध्ये कथानक हाँगकाँगला जाते आणि परकी ठरण्याची पाळी डेझीवर येते.

६

या पुनर्रचनेच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. हेरकथा अपराधाला व्यक्तीपुरते सीमित करून समाजाला निर्दोष ठरवते, अशी मीमांसा फ्रँको मोरेत्ती यांनी १९८३ च्या ‘साइन्स टेकन फॉर वंडर्स’ या ग्रंथात केली. स्प्रिंगर आणि स्टीव्हन्स यांनी अपराधाची व्याप्ती पालकत्व, वारसा, शाळा आणि साम्राज्य यांच्यापर्यंत नेली. पण उकल मात्र व्यक्तीच्याच वाट्याला येते. एनोला सुटते ती आईने जमवलेल्या पैशांच्या बळावर. व्हाइटचॅपेलमधील एखाद्या मुलीला तशी सुटका नाही, आणि विगिन्सची बहीण अद्याप कोणी लिहिलेली दिसत नाही. शिवाय आजची मूल्ये गतकाळातील पात्रांच्या तोंडी घालण्याचा मोह या प्रकारात सतत असतो. एनोलाचे निर्णय कधीकधी १८८८ पेक्षा एकविसाव्या शतकाला जवळचे वाटतात.

असे असले तरी या कादंबऱ्यांना केवळ अभिजात कृतींच्या सुलभ आवृत्त्या मानता येणार नाही. त्या वाचून मूळ संहितेकडे परतणाऱ्या कुमारवाचकाला ‘द कॉपर बीचेस’ पूर्वीसारखी वाचता येत नाही. होम्सच्या तोंडचा बहिणीचा उल्लेख आता त्याला थांबवतो आणि ज्या स्त्रीला बोलू दिले गेले नाही, तिची जागा दाखवतो. कॉपर बीचेसमधील रहस्य होम्सने उलगडले. होम्सच्या घरात काय दडले होते, हे विचारण्याची सवय मात्र या कुमार-कादंबऱ्यांनी लावली.