देवळालीचा ताप आणि दोरी ओढणारा रमजान

नगरच्या छावणीचा इतिहास सांगताना आपण 12 ऑगस्ट 1803 रोजी वेलस्लीने घेतलेल्या किल्ल्यापासून सुरुवात करतो आणि 1942 ते 1945 या काळातील नेहरूंच्या बंदिवासापाशी येऊन थांबतो. छावणीतल्या विनोदाकडे सहसा कुणी फिरकत नाही. वास्तविक इंग्रजी विनोदाला वेगळेच वळण लावणारा स्पाइक मिलिगन 16 एप्रिल 1918 रोजी आपल्या नगरात जन्मला. वडील ब्रिटिश तोफखान्यात होते आणि पलटणीच्या करमणुकीच्या प्रयोगांत हौसेने उभे राहत. पुढे मुलगाही दुसऱ्या महायुद्धात तोफखान्यातच गेला. त्याने बीबीसी रेडिओसाठी लिहिलेल्या 'द गून शो'मधला मेजर ब्लडनॉक हा हिंदुस्थानात मुरलेला, भित्रा आणि लबाड अधिकारी आहे. छावणीत वाढलेल्या मुलानेच असा मेजर लिहावा, यात मला नवल वाटत नाही.

मिलिगनचा माग काढता काढता मी शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, देवळालीला पोहोचलो. बीबीसीची 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही विनोदी मालिका तिथल्या तोफखान्याच्या करमणूक पथकावर बेतलेली. काळ दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरचा. जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांनी लिहिलेली ही मालिका 3 जानेवारी 1974 ला सुरू झाली आणि आठ पर्वे, 56 भाग चालली. पेरी स्वतः तोफखान्यातून देवळालीला आलेले आणि अशाच पथकात वावरलेले, त्यामुळे तपशील ऐकीव नाहीत. चित्रीकरण मात्र इंग्लंडातच झाले.

देवळालीची लष्करी छावणी 1861 ची. सेवेची मुदत संपलेले गोरे शिपाई तिथे मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत. ही जहाजे हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. हंगाम हुकला की उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही तिथेच काढायचे. काम नाही, करमत नाही, त्यात दारू आणि हिवताप. डोके फिरलेल्या माणसाला 'डूलाली टॅप' झाला म्हणण्याची रीत त्यातून पडली. 'डूलाली' हा शब्द इंग्रजीत आजही आहे. कोशकार 'टॅप'चे मूळ फारसी-संस्कृतात शोधतात. आपल्याला कोश उघडायची गरज नाही, घरोघरी ताप येतोच.

या मालिकेवरचा मुख्य आक्षेप रंगी राम या भारतीय बेअररबद्दल आहे. साहेबांची सेवा करता करता तो स्वतःलाच ब्रिटिश समजू लागला आहे. ही भूमिका मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने चेहऱ्याला रंग फासून केली. तो झाशीला जन्मलेला, उर्दू उत्तम बोलणारा. पण रंग तो रंगच. आपला नगरकर मिलिगनही यातून सुटत नाही. 1969 च्या 'करी अँड चिप्स'मध्ये त्यानेही तेच केले. बीबीसीने पुढे देवळालीच्या मालिकेचे पुनःप्रसारण टाळले, त्याचे मला वाईट वाटत नाही.

तरीही ती इतिहासाच्या अभ्यासकाने पाहावी असे माझे मत आहे, आणि ते पंखा ओढणाऱ्या रमजानसाठी. तो बाहेर बसून पायाला बांधलेल्या दोरीने पंखा हलवत राहतो. आत साहेब लोक काय बोलतात ते ऐकून आपल्या भाषेत पुटपुटतो आणि मध्येच एखादे खणखणीत इंग्रजी वाक्य टाकतो. जुन्या छावण्यांच्या दप्तरांत साहेबांचे बोलणे भरपूर सापडते, दोरीच्या या टोकाचे सापडत नाही. इथे निदान लेखकांना ते आठवले. मी पाहिलेल्या भागांत मराठी मात्र कानावर पडली नाही. देवळालीत असूनही सगळा कारभार हिंदुस्तानीत.

पाचव्या पर्वापासून पथक ब्रह्मदेशात गेले. 1978 मध्ये बेट्स वारला. रंगी रामच्या जागी दुसऱ्या कुणाला रंग फासून उभे केले नाही. चहावाला मुहम्मद आणि रमजान यांना जास्त जागा मिळाली. या दोन्ही भूमिका उपखंडातल्याच नटांच्या होत्या. 1981 च्या अखेरच्या पर्वात युद्ध संपते, पथक मोडते आणि मंडळी इंग्लंडला परततात. शेवटचा भाग 3 सप्टेंबरला दाखवला गेला.