पेडण्याचे मीठ आणि सरकारी खर्च

राज्यकारभाराचा खर्च कमी करावा, असे कोणी म्हटले की तो विषय अर्थमंत्र्यांचा व तज्ज्ञांचा आहे, असे समजून सामान्य नागरिक स्वस्थ राहतो. वस्तुतः सरकारी तिजोरीतून जाणारा प्रत्येक रुपया कोणाच्या तरी ताटातून उचललेला असतो. गोमंतकाच्या उत्तर सीमेवरील पेडणे व डिचोली या महालांचा इतिहास हीच गोष्ट मिठाच्या रूपाने सांगतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस हे दोन्ही महाल पोर्तुगीज अमलाखाली आले आणि 'नव्या काबिजादीं'त गणले गेले. पेडणे महाल १७८८ साली सावंतवाडीकरांकडून गेला. त्याच महालात शापोरा नदीच्या काठी आगरवाडा हे गाव आहे. आगर म्हणजे मिठागर. गावाच्या नावातच त्याचा धंदा आहे. भरतीचे पाणी वाफ्यांत घ्यावे, उन्हाने आटवावे आणि पावसाळ्यापूर्वी मिठाच्या राशी घालाव्यात, हा तेथला पिढीजात क्रम होय.

या क्रमात सरकारचा हात शिरला तो एका कराराने. १८७८ च्या डिसेंबरात लिस्बन येथे ब्रिटन व पोर्तुगाल यांच्यात तह झाला आणि १८८० पासून तो अमलात आला. सीमेवरची जकात उठली, हा त्याचा लाभ खरा. परंतु गोव्यातील मिठाचा मक्ता ब्रिटिश सरकारच्या हाती गेला, आणि मोबदला म्हणून पोर्तुगीज सरकारला दरसाल ४ लाख रुपये मिळू लागले. हे पैसे कोठे गेले? मुरगाव बंदर व तेथून घाटावर जाणारी रेल्वे बांधणाऱ्या कंपनीला व्याजाची हमी दिलेली होती. तिच्यासाठी ते तारण ठेवले गेले. ती रेल्वे पेडण्याला शिवली नाही, डिचोलीलाही नाही. आगरवाड्याने मिठावरचा हक्क सोडला आणि आगगाडी मात्र दूर दक्षिणेकडून धावली. लोकांत अप्रिय झालेला हा तह १८९२ साली संपुष्टात आला.

ब्रिटिश हद्दीत मिठावरचा कर १८८८ साली मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपयांवर नेण्यात आला. उत्तर ब्रह्मदेश खालसा करण्याचा खर्च, सरहद्दीवरील लष्कर आणि रुपयाची घसरण यांनी तिजोरी रिती केली होती. मोहीम इरावतीच्या काठी झाली. तिची किंमत कोकणातल्या कुळाने पेजेत टाकलेल्या चिमूटभर मिठातून वसूल झाली.

या अन्यायावर नेमके बोट ठेवले ते कोकणच्याच एका सुपुत्राने. रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९७ साली लंडनमध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्ष दिली आणि १९०२ साली वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर भाषण केले. सरकार आपल्या शिलकेचा अभिमान मिरवीत होते. गोखल्यांचे म्हणणे असे की, दरिद्री देशात तिजोरी ओसंडते ती समृद्धीमुळे नव्हे, तर कर गरजेहून अधिक असल्यामुळे. लष्करावरचा व बड्या युरोपियन अधिकाऱ्यांवरचा खर्च आवरा आणि मीठ स्वस्त करा, अशी त्यांची मागणी होती. १९०३ साली कर २ रुपयांवर आला, १९०५ साली दीड रुपयावर आणि १९०७ साली १ रुपयावर. कर उतरत गेला तसा मिठाचा खप वाढत गेला. पूर्वी गरीब माणूस मीठही बेताने खात होता, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

काटकसर म्हणजे शाळा बंद करणे, असा आक्षेप येथे कोणी घेईल. परंतु त्याच गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले होते. त्यांना खर्चाचा तिटकारा नव्हता, उधळपट्टीचा होता.

याउलट उदाहरण पोर्तुगालचे. १९२८ साली अर्थमंत्री झालेल्या सालाझार यांनी जमाखर्च लवकरच समतोल केला, म्हणून त्यांची वाहवा झाली. पण नव्या काबिजादींतील मराठी शाळा लोकांच्या वर्गणीवर आणि देवळांच्या आश्रयानेच जगत राहिल्या. १९५५ च्या १५ ऑगस्टला पेडणे महालातील पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर झाडायला मात्र गोळ्यांची टंचाई पडली नाही. वही जुळली म्हणजे राज्य न्यायाचे झाले, असे नाही.

म्हणून सरकारी खर्चाला कात्री लावण्याची मागणी हा प्रजेचा हक्कच आहे. फक्त ती कात्री वरून लागली पाहिजे. दरबारी थाट, अनाठायी मोहिमा, दूरच्या हमीची कर्जे यांपासून आरंभ व्हावा. खेड्यातल्या शाळेची पाळी कधीच येऊ नये. मिठावरचा कर १९४७ साली उठला. त्याच्या इतिहासाने घालून दिलेली कसोटी मात्र आजही प्रत्येक अंदाजपत्रकाला लावता येते: या खर्चाने पेजेतले मीठ महाग होते की स्वस्त?