मुठीआडची साक्ष : जुनी जपानी तलवार कशी ओळखतात?

१/
अमेरिकेतील अटलांटा शहरात, जुन्या वस्तूंच्या एका दुकानात वॉल्टर कॉम्प्टन या संग्राहकाला एक जपानी तलवार मिळाली. ती १३व्या शतकातील कारागीर कुनिमुने याची, कागोशिमाच्या तेरुकुनी देवस्थानाची आणि जपानचा राष्ट्रीय ठेवा ठरलेली तलवार निघाली. कॉम्प्टन यांनी १९६० च्या दशकात ती मोबदला न घेता परत केली.

२/
ती तिथवर पोहोचली कशी? १९४५ च्या शरणागतीनंतर जपानमध्ये शस्त्रे जमा करण्याचा हुकूम निघाला. असंख्य तलवारी नष्ट झाल्या, तर अनेक तलवारी अमेरिकी सैनिकांनी आठवण म्हणून मायदेशी नेल्या.

३/
नवख्या संग्राहकाची अडचण येथूनच सुरू होते. अनेक जपानी अधिकाऱ्यांनी वाडवडिलांची पाती लष्करी मूठ-म्यानात बसवून घेतली होती. त्यामुळे एकसारख्या दिसणाऱ्या दोन म्यानांपैकी एकात पाचशे वर्षांचे पाते असू शकते, तर दुसऱ्यात कारखान्यातले.

४/
काही खुणा मात्र उघड असतात. १९३५ च्या नमुन्याची, कनिष्ठ हुद्देदारांसाठीची तलवार यंत्रावर बनलेली असे. तिच्या पात्यावर अनुक्रमांक ठोकलेला असतो, आणि सुरुवातीच्या काळातील मुठीवरची दोरीची वीण प्रत्यक्षात ओतीव धातूची असते.

५/
खरी साक्ष मुठीआड असते. ‘मेकुगी’ ही बांबूची खुंटी काढली की पात्याचा मुठीत बसणारा भाग, म्हणजे ‘नाकागो’, दिसतो. कानशीचे ओरखडे, खुंटीची भोके, कारागिराची सही आणि शतकानुशतके चढलेला काळसर गंज हे सारे तिथेच वाचायचे.

६/
सहीची बाजूही बोलकी असते. ‘ताची’ धार खाली ठेवून कमरेला लटकवीत, ‘कताना’ धार वर ठेवून खोवीत. दोन्हींत सही साधारणतः बाहेरच्या बाजूस येई. म्हणून धार एकाच दिशेला धरली, तर दोघींच्या सह्या विरुद्ध अंगांना दिसतात.

७/
तरी केवळ सहीवर विसंबता येत नाही. थोरांच्या नावे खोट्या सह्या कोरण्याची प्रथा जुनीच. उलट, लांब ताची पुढे आखूड करताना नाकागो कापला जाई आणि खरी सही त्यासोबत नाहीशी होई. सही नाही म्हणून पाते हलके ठरत नाही.

८/
मग पाते स्वतः पाहावे लागते. पाणी देण्यापूर्वी कारागीर पात्यावर माती लिंपत असे, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड. धार कठीण होई, पाठ चिवट राही, आणि सीमेवर ‘हामोन’ ही रेषा उमटे. तिच्यात प्रकाशात चमकणारे सूक्ष्म कण दिसतात. आम्लाने काढलेली नकली रेषा निर्जीव भासते.

९/
पोलादाच्या घड्यांतून उमटणारा पोत, पात्याचा बाक आणि टोकाची घडण यांवरून यामाशिरो, यामातो, बिझेन, सोशू, मिनो या पाच परंपरांचा माग लागतो. १५९६ च्या सुमारापूर्वीच्या तलवारी ‘कोतो’, म्हणजे जुन्या, मानल्या जातात.

१०/
नवख्याची सर्वांत महाग चूक एकच : नाकागोचा गंज घासून काढणे. तो रंग वय सांगतो आणि पुन्हा आणता येत नाही. पाते घरी पॉलिश करणेही तितकेच घातक, कारण ते प्रशिक्षित कारागिराचे काम आहे.

११/
तोकुगावा घराण्याची ‘होंजो मासामुने’ ही विख्यात तलवार युद्धानंतर पोलीस ठाण्यात जमा झाली आणि १९४६ पासून बेपत्ता आहे. ती कुठे शिल्लक असलीच, तर नाकागो आणि हामोन जुन्या नोंदींशी ताडूनच तिची ओळख पटेल. घासकागदाचा एक हात त्यातली अर्धी साक्ष कायमची पुसून टाकू शकतो.

#इतिहास #जपान #शस्त्रास्त्रे