प्रामाण्याचा प्रश्न : व्हेनिसमधील तीन मराठी चित्रपट

मराठी चित्रपटाच्या इतिहासलेखनात आंतरराष्ट्रीय पारितोषिकाचा उल्लेख बहुधा निर्णायक पुराव्यासारखा येतो आणि कृतीचा अन्वयार्थ लावण्याची समीक्षेची जबाबदारी तेथेच संपते. व्हेनिसच्या महोत्सवात गौरवल्या गेलेल्या तीन मराठी चित्रपटांच्या संदर्भात ही सवय विशेष विसंगत ठरते. कारण कलेला प्रमाण ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न या तिन्ही कृतींच्या गाभ्याशी आहे.

‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ला (1936) 1937 साली व्हेनिसमध्ये विशेष प्रशस्ती लाभली. ‘जगातील तीन सर्वोत्तम चित्रपटांपैकी एक’ अशी त्याची ख्याती पुढे रूढ झाली. प्रशस्ती देणारा महोत्सव मात्र फॅसिस्ट राजवटीच्या छायेत भरला होता. सर्वोत्तम इटालियन चित्रपटाचा ‘मुसोलिनी चषक’ रोमन साम्राज्याचा गौरव करणाऱ्या ‘शिपिओने लाफ्रिकानो’ला मिळाला. त्याच वर्षी पारितोषिक मिळालेला ज्याँ रन्वारचा युद्धविरोधी ‘ला ग्रांद इल्युझियाँ’ पुढे इटलीत निषिद्ध ठरला. पारितोषिकांची यादी हीदेखील एक राजकीय संहिता असते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटातील संघर्ष मुळात प्रामाण्याचाच आहे. सालोमालो तुकारामांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवतो. रामेश्वरशास्त्री गाथा इंद्रायणीत बुडविण्याची आज्ञा देतो. शास्त्राने नाकारलेली वाणी लोकांच्या मुखी राहते. चित्रपटाबाहेरही असेच घडले. शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचलेला अभंग अनेकांनी तुकारामांचाच मानला. मुंबई इलाख्यातील देहू असो वा तेव्हा निजामाच्या राज्यात असलेला जालन्याचा परिसर, राजकीय सीमांपलीकडे वारकरी वाणीची ओळख समान होती. ती ओळख व्हेनिसच्या परीक्षकांवर अवलंबून नव्हती.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला 2014 साली ‘ओरिझोंती’ विभागातील सर्वोत्तम चित्रपटाचा व पदार्पणाचा असे दोन पुरस्कार मिळाले. येथे रामेश्वरशास्त्र्याच्या जागी न्यायसंस्था आहे. शाहीर नारायण कांबळे यांच्या गीतामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप आहे. गीताचा लय, श्रोता, प्रसंग हे सारे वगळून केवळ आशय पुरावा म्हणून वाचला जातो. न्यायाधीश इंग्रजीतून नोंद सांगतात. उपशीर्षकांवर विसंबणारा महोत्सवाचा प्रेक्षकही काही अंशी याच रीतीने वाचत असतो. सरकारी वकिलाची घरची मराठी आणि न्यायालयातील कायद्याची भाषा यांतील अंतर त्याच्यापर्यंत अपुरेच पोहोचते.

2020 साली पटकथेचा पुरस्कार आणि आंतरराष्ट्रीय समीक्षक संघटनेचे पारितोषिक मिळविणाऱ्या ‘द डिसायपल’मध्ये हा प्रश्न अंतर्मुख होतो. शरद नेरुळकर गुरूच्या, ध्वनिफितींतील माईंच्या आणि संगीतस्पर्धेच्या मापाने स्वतःला मोजत राहतो. दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेतून झटपट घडणारी गायिका त्याच्या साधनेसमोर दुसरेच माप उभे करते. कोणतेही माप त्याला आतून आधार देत नाही.

शास्त्र, न्यायालय आणि स्पर्धा ही प्रामाण्याची तीन रूपे झाली. महोत्सव हे चौथे. त्याने दिलेला सन्मान ऐतिहासिक तथ्य म्हणून नोंदवणे आवश्यकच आहे, परंतु तो निष्कर्ष मानल्यास या कृतींनी उभा केलेला प्रश्नच मराठी समीक्षा नाकारते.